नॅरोगेजचे लेआउट पाहायला टोळीनं निघताय तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंजनगावकडचे पाच मित्र, एकाजवळ एचओचा (खऱ्याच्या १/८७ मापाचा) मॉडेल रेल्वे सेट, सगळ्यांच्या डोक्यात शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूर अन् यवतमाळला जाणारी आपली जुनी नॅरोगेज गाडी, अन् दिवाळी झाली की गाडी करून अमरावती, वर्धा, नागपूर असे दोन दिवस फिरून ओळखीतल्या लोकांचे घरचे नॅरोगेज लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या चालत्या रेल्वे, पाहायचे. यादीत सात घरं. तिथं काय पाहायचं, काय विचारायचं, स्केल कोणता धरायचा, आणि सोबत काय न्यायचं.

आधी सातातली तीन घरं खोडा. दिवसाला दोन लेआउट, बस. आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की चहा, मग पोहे, मग "जेवूनच जा" हे ठरलेलंच, अन् ते टाळता येत नाही, टाळूही नये. त्यात लेआउटजवळ तासभर मिळाला तरी नशीब. सात घरं केली तर सात ठिकाणी मोबाईलमधे डोंगर-झाडांचे फोटो येतील आणि घरी आल्यावर आपला रूळ कसा टाकायचा ते कोणालाच सांगता येणार नाही. मी बऱ्याच टोळ्या जाताना पाहिल्या, यजमान म्हणूनही पाहिल्या, सगळ्यांचं एकच होतं, देखावा पाहतात आणि गाडी पाहत नाहीत. गाडी कशी चालते, कुठे अडखळते, अन् मालकानं त्यावर काय उपाय केला, हे पाहायला जायचं असतं. देखावा यूट्यूबवरही दिसतो.

घरांच्या आधी खरी वस्तू पाहून घ्या. नागपूरला मोतीबागला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ पासून आहे, तिथं इंजिनाच्या शेजारी उभं राहिलं की दोन रुळांमधलं ७६२ मिलिमीटर अंतर, म्हणजे गेज, किती अरुंद आणि त्यावर डबा किती बाहेर आलेला असतो ते डोळ्यात बसतं. जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या. नागपूर-नागभीडची लाईन २०१९ मधे गेज बदलासाठी बंद झाली, छिंदवाड्याकडची त्याच्याही आधी, त्यामुळे चालती नॅरोगेज पाहायची हौस आता विदर्भात भागत नाही. तुमच्या घरापासची मूर्तिजापूर-अचलपूर तर तुम्ही पाहिलेलीच असणार, पण मोजलेली नसणार. स्टेशनची इमारत किती लांब, प्लॅटफॉर्म जमिनीपासून किती वर, दार केवढं, हे टेपनं मोजून वहीत लिहा. लाईन बंद असली तरी जागा आपली नाही, विचारून जा, आणि रुळावरचा खिळासुद्धा आठवण म्हणून उचलू नका.

आता गेजचं गणित, कारण इथंच सगळे घसरतात. "नॅरोगेज" म्हटलं म्हणजे सगळं सारखं असं नाही. आपली शकुंतला, नागपूरच्या लाईनी, तिकडची जुनी बार्शी लाईट, या सगळ्या अडीच फुटी, ७६२ मिमी. माथेरान आणि दार्जिलिंग दोन फुटी, ६१०. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या ज्या प्रसिद्ध लाईनींचे मॉडेल तुम्ही व्हिडिओत पाहता त्या तीन फुटी, ९१४. म्हणून कोणाच्या घरी गेलात की मनातल्या मनात विचारा, हा माणूस कोणत्या फुटाचं मॉडेल करतो आहे.

१:८७ म्हणजे एचओ. ७६२ ला ८७ नं भागा, ८.७६ येतात, अन् बाजारात एन गेजचा ९ मिमीचा रूळ तयार मिळतो. फरक इतका कमी की डोळ्याला कळत नाही. यालाच एचओई किंवा एचओएन-थर्टी म्हणतात. १:७६ म्हणजे इंग्रजांचा डबल-ओ स्केल, त्यात बरोबर १० मिमी पाहिजे पण लोक तोच ९ चा रूळ वापरतात, त्याला डबल-ओ-नाईन म्हणतात, हिशेबानं ते ६८६ मिमीचं गेज होतं, म्हणजे शकुंतला जराशी वाळलेली दिसते. चालतं. १:४८ म्हणजे ओ स्केल, तिथं १५.९ पाहिजे आणि एचओचा १६.५ चा रूळ वापरतात, ते ऑन-थर्टी. एन स्केलमधे, १:१६० ला, पावणेपाच मिमीचा रूळ लागेल, तो तयार भेटत नाही, सोडून द्या.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी १:८७ आणि ९ मिमीचा रूळ. एक तर मित्राकडे एचओची माणसं, घरं, बैलगाड्या आधीच असतील, दुसरं म्हणजे ९ मिमीच्या रुळाला ९ इंच त्रिज्येचा वळसा तयार मिळतो, आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढंच बसतं. पण ज्यांचे डोळे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांनी ऑन-थर्टीचा एक लेआउट हातात कंट्रोलर घेऊन पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. त्या स्केलमधे इंजिन जड असतं, हातात भरतं, कपलर जोडताना भिंग लागत नाही. बाकमन कंपनीनं १९९८ च्या सुमारास स्वस्तातले ऑन-थर्टी सेट काढले म्हणून तो स्केल जगभर पसरला, नाहीतर तो आधी फक्त हातानं बनवणाऱ्यांचा होता. आपल्या शकुंतलेचं इंजिन मात्र दोन्हीकडे दुकानात भेटणार नाही हे आताच धरून चाला. १९२१ मधे मँचेस्टरला बनलेलं अन् १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलेलं ते झेडडी वाफेचं इंजिन पाहिजे असेल तर फोटोवरून अंग हातानं बनवावं लागेल, खाली एन गेजचं चालतं चेसिस टाकून. म्हणून सुरुवात झेडडीएम डिझेलनं करा. खाली दोन बोगी, म्हणजे चाकांचे दोन संच, प्रत्येकाला दोन ॲक्सल, वर सरळ पेटीसारखी बॉडी. काटोसारख्या कंपनीचं एन गेजचं चेसिस घ्या, प्लॅस्टिकच्या शीटची बॉडी. घरं पाहताना ज्यांनी असं चेसिसवर बॉडी चढवलेलं इंजिन केलं आहे त्यांच्याकडे जास्त वेळ काढा, तयार युरोपियन डब्यांवर हिरवा रंग मारणाऱ्याकडे कमी.

आता घरात शिरल्यावर.

चपला बाहेर, हात धुऊन आत. हे संस्कार म्हणून सांगत नाही, आलूबोंडा खाल्लेल्या बोटानं रुळाला हात लागला की तेलाचा थर बसतो, त्यावर धूळ चिकटते अन् यजमानाचं इंजिन संध्याकाळी तिथंच थांबतं. पहिली गाडी यजमानालाच चालवू द्या आणि तोंड बंद ठेवून एक पूर्ण फेरी पाहा. मग विनंती करा, "काकाजी, एकदा अगदी सावकाश चालवता का?" इथं मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. शकुंतला वीस किलोमीटरच्या आसपास चालायची. वीसचा वेग १:८७ मधे आणला की सेकंदाला साधारण साडेसहा सेंटिमीटर होतो, म्हणजे एक मीटर जायला पंधरा-सोळा सेकंद लागले पाहिजेत. करून पाहा, दहापैकी आठ लोकांची नॅरोगेज राजधानीसारखी पळते. जो माणूस सोळा सेकंदात एक मीटर न धक्का खाता चालवून दाखवतो त्याच्यासमोर वही उघडा, कारण त्याचा रूळ स्वच्छ आहे, चाकं करंट नीट घेत आहेत, अन् गिअरमधे केस अडकलेला नाही.

त्यानंतर मालगाडी उलटी ढकलून सांध्यावरून, म्हणजे एका रुळाचे दोन होतात त्या पॉइंटवरून न्यायला सांगा. सरळ ओढताना सगळंच चालतं, दोष ढकलताना दिसतात. सांध्याचा मधला भाग, म्हणजे फ्रॉग, प्लॅस्टिकचा असेल तर लहान इंजिन तिथं नेमकं मरतं, कारण दोन ॲक्सलच्या इंजिनाचं एक चाक प्लॅस्टिकवर गेलं अन् दुसऱ्याखाली धुळीचा कण आला की संपलं. त्यावर कोणी धातूचा करंटवाला फ्रॉग बसवून स्विचनं त्याची पोलॅरिटी बदलतो, कोणी डीसीसीच्या (डिजिटल कंट्रोलच्या) इंजिनातल्या डिकोडरला कपॅसिटर जोडून क्षणभराचा करंट साठवतो. कोणी फक्त बोटानं ढकलतो. तिन्ही पाहा. बोटवाल्याला हसू नका, त्याच्याकडचा रूळ कदाचित सगळ्यात सरळ असेल.

मग वाका, टेबलाखाली जा. टॉर्च न्या सोबत. खरा लेआउट खालीच असतो. करंट देणारी फीडर वायर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला दिली आहे का, की एकाच जागेवरून करंट देऊन रुळाच्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर सोडलं आहे. वायरींना रंग ठरवलेले आहेत का. जोड सोल्डरचा आहे की पिळून टेप मारलेला. उंदरानं कुरतडलं आहे का, कारण आपल्याकडे थर्माकोल आणि वायर दोन्ही उंदराला प्रिय आहेत, अन् पावसाळ्यात वाळवी प्लायला खालून लागते, वरून काहीच दिसत नाही. टेबलाचे पाय पाण्याच्या वाटीत किंवा टिनाच्या तुकड्यावर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, जुन्या धान्याच्या कोठीची युक्ती आहे ती, लागू पडते. लाईट गेली की काय होतं तेही विचारा. खेड्यात लाईट जाणारच, अन् ती परत येताना व्होल्टेजचा झटका देते, म्हणून डीसीसीचं कमांड स्टेशन कॉम्प्युटरच्या यूपीएसवर ठेवलेलं असतं का ते पाहा.

उन्हाळ्याचा प्रश्न प्रत्येक घरी विचारा. हा परदेशी व्हिडिओत कोणी सांगणार नाही. डिसेंबरच्या पहाटे खोलीत बारा-तेरा डिग्री आणि मे महिन्यात स्लॅबखाली बेचाळीस-त्रेचाळीस, म्हणजे तीस डिग्रीचा फरक. निकेल-सिल्वरचा एक मीटर रूळ तेवढ्यात साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण साडेतीन मीटरच्या भिंतीलगत सगळे जोड सोल्डर करून टाकले असतील तर पावणेदोन मिलिमीटर जायचे कुठे? रूळ बाजूला फुगतो. त्यात मे महिन्याची कोरडी हवा लाकडाच्या फळीला सुकवून आकसवते, म्हणजे रूळ वाढतो आहे अन् खालची फळी कमी होते आहे, दोन्ही एकाच वेळी. म्हणून वळणावर जोड सोल्डर करायचा, सरळ भागात दर मीटरला नखाच्या जाडीएवढी फट सोडायची, अन् प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्यायची. हिवाळ्यात रूळ टाकत असाल तर फट जास्त, उन्हाळ्यात टाकत असाल तर जवळजवळ नको. मी तर म्हणतो जमलं तर एक घर मुद्दाम एप्रिलमधे परत पाहून या. नोव्हेंबरमधे सगळ्यांचेच लेआउट चांगले चालतात.

धुळीचं तर विचारूच नका. काळ्या मातीची धूळ बारीक असते, बंद खोलीतही येते. जिनिंगच्या गावात त्यात रुई उडते, तिचा तंतू ॲक्सलला गुंडाळतो आणि गिअरमधे शिरतो, मग इंजिन गुरगुरतं पण हलत नाही. चिमटा अन् भिंग घेऊन काढावा लागतो. रूळ पुसायला सँडपेपर वापरणाऱ्याचं ऐकू नका, ओरखड्यात मळ जास्त लवकर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड, आणि लेआउटवर जुनी चादर, एवढं पुरतं. देखाव्यात आपल्याच शेतातली माती वापरा, रंग कुठल्याही डब्यापेक्षा खरा येतो, फक्त चाळून झाली की त्यावरून लोहचुंबक फिरवा. काळ्या मातीत चुंबकाला चिकटणारे कण भरपूर असतात आणि इंजिनाच्या मोटरमधे चुंबक असतो, पुढचं समजलं असेल.

देखाव्याबद्दल दोनच गोष्टी. शकुंतलेच्या लाईनीवर बोगदा-बिगदा काही नाही, सपाट रान, धुरे, बाभळी, निंब, मधेच एखादा लोखंडी पूल. तरी लोक बोगदा करतात, कारण दुकानात बोगद्याचं तोंड तयार मिळतं. करू द्या, तुम्ही करू नका. दुसरं, एक महिना ठरवा. वेचणीतली पांढरी पऱ्हाटी आणि फुललेला पळस एकाच लेआउटवर दिसला की समजायचं याला शेत कोणी दाखवलंच नाही. झाडांच्या खोडाला वाळलेल्या पऱ्हाटीच्या बारीक फांद्या उत्तम, फुकट, आणि गावात ढिगानं.

शिष्टाचाराचं थोडं, कारण टोळीत एखादा तरी असा असतोच. "कितीला पडलं?" हा प्रश्न यजमानाला घरच्यांसमोर विचारायचा नाही. कधीच नाही. वहिनींना जो आकडा माहीत आहे तो वेगळा असतो. डब्यावरचे रिव्हेट मोजून "हे असं नसतं" म्हणायचं नाही, विचारायचंच असेल तर "हे कशावरून केलं?" विचारा, माणूस स्वतःच सांगतो की फोटो नव्हता म्हणून अंदाजानं केलं. फोटो काढायच्या आधी विचारा, अन् घराचं ठिकाण कळेल असं काही टाकू नका, लाखाचं सामान असतं काही जणांकडे. आपलं इंजिन नेलं तर खिशातच ठेवा, यजमान म्हणाला तरच रुळावर, तेही चाकांमधलं अंतर गेजनं, म्हणजे ते मोजायच्या छोट्या साच्यानं, तपासून, कारण तुमचं चाक त्याच्या सांध्यात अडकून सांधा मोडला तर चहा कडू होतो. लहान पोट्टे सोबत असतील तर आधी सांगा.

पाच जण आहात त्याचा फायदा घ्या. एकानं फक्त वायरिंग पाहायचं, एकानं रूळ आणि सांधे, एकानं देखावा, एकानं वेग अन् चालवण्याची पद्धत, अन् पाचव्यानं यजमानाशी बोलत राहायचं, कारण सगळे टेबलाखाली शिरले की तो बिचारा एकटा उभा राहतो. गाडीत बसल्यावर लगेच, पुढच्या घराआधी, प्रत्येकानं आपापलं सांगायचं आणि एकानं लिहायचं. खरं शिकणं त्या तासाभराच्या रस्त्यात होतं. दुसऱ्या घरी मग प्रश्न आपोआप चांगले निघतात.

चालवण्याच्या पद्धतीवर मी जरा जास्त भर देतो, कारण नवीन लोक हे विसरतात. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, १:८७ मधे सुद्धा तेराशे मीटर होतात. अचलपूरची ७६ किलोमीटर म्हणजे पावणेनऊशे मीटर. कोणाच्या वाड्यात बसणार आहे? म्हणून एक स्टेशन निवडायचं आणि वेळ लांबवायचा. अन् शकुंतला वेळ लांबवायला अगदी बरोबर लाईन आहे. मूठभर माणसांवर चालायची, गार्डच तिकीट द्यायचा, फाटक आलं की गाडी थांबवून गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून परत चढायचा. हे सगळं लेआउटवर करा. फाटकापाशी थांबा, वीस सेकंद मोजा, पलीकडे जा, पुन्हा थांबा. आठ फुटांच्या फळीवर एक फेरी दहा मिनिटं चालते आणि कोणी कंटाळत नाही. गोल गोल फिरणारी गाडी पाच मिनिटांत पाहुण्यांना मोबाईल काढायला लावते. ज्या घरी असं चालवतात तिथं तुम्हाला कामाला लावतील, एकाला गार्ड करतील, एकाला ड्रायव्हर. नाही म्हणू नका.

पुण्याला जायचं झालं कधी, तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून घ्या, १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुलं आहे. ते एचओ आहे, नॅरोगेज पाहायला म्हणून जाऊ नका, पण एकाच वेळी अनेक गाड्या आणि सिग्नल एका जागेवरून कसे सांभाळतात ते तिथं कळतं. आपल्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्रभराचा प्रवास आहे. या दोन दिवसांत ते घुसवायला जाऊ नका.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, छोटी टेप, वही, चाकांचं गेज, सुती कापड. यजमानासाठी मिठाईऐवजी त्याच्या लाईनीशी संबंधित काही न्या, तुमच्याकडे दर्यापूर किंवा अंजनगाव स्टेशनचे मोजमापासहित फोटो असतील तर त्यांच्या प्रिंट काढून न्या. संत्री चालतात, पण ती सगळेच नेतात.

आणि मित्राचा तो एचओ सेट विकू नका. तुमच्यापैकी दोघं तो काढून टाका म्हणत आहेत असं लिहिलंय म्हणून सांगतो. शकुंतला मूर्तिजापूरला ब्रॉडगेजला येऊन भेटायची आणि गेज बदलायचं म्हणून माल हातानं इकडून तिकडे टाकावा लागायचा. त्या १६.५ मिमीच्या रुळाला मूर्तिजापूरची ब्रॉडगेज समजा. हिशेबानं ब्रॉडगेजला १९ मिमीच्या वर पाहिजे, पण देशातले बहुतेक एचओवाले हीच तडजोड करतात, ती चालून जाते. दोन रूळ शेजारी टाका, एक १६.५ चा, एक ९ चा, मधे एक ठेंगणा प्लॅटफॉर्म, त्यावर कापसाच्या गाठी. चार फुटांत बसतं, सेटही कामी येतो, अन् पहिल्या पावसाळ्याआधी तुमच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी चालू होतं. त्या प्लॅटफॉर्मची उंची मात्र दोन्ही बाजूच्या डब्यांच्या फरशीला जुळवून घ्या, ती आधी ठरवा आणि मगच रूळ चिकटवा.